अकरा सेकंदांचं हसू

दर सोमवारी काजं झालेल्या शर्टांचं गाठोडं मास्तरांच्या दुकानात पोचवायचं, हे तिचं ठरलेलं काम. शर्ट मास्तर शिवायचे. काजं करून गुंड्या लावायचं काम ती घरी आणायची. घरबसल्या हात चालतात आणि पोरीवर डोळाही राहतो, म्हणून सासूबाईंनीच ते सुचवलं होतं. त्या सोमवारीही ती एका हातात गाठोडं आणि कमरेवर ठकी अशी निघाली. ठकी म्हणजे तिची तेरा महिन्यांची लेक. कागदावर तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण गालांमुळे सगळे तिला ठकीच म्हणायचे.

मास्तरांनी गाठोडं सोडायच्या आधी फोन पुढे केला.

"बघा, आज तुमच्या लेकीनं हवामानवाल्यांना सोडलं नाही."

फोनमध्ये एक कोटातला माणूस सांगत होता, येते चार दिवस आकाश स्वच्छ राहील. मागे धो धो पाऊस. आणि मग ठकी. चटईवर बसलेली, आधी गप्प, मग एकदम पोट धरून खदखदा हसणारी. आता हे कुणालाच नवं नव्हतं. तिने स्वतःच ते शंभरदा पाहिलं असेल. तोंडदेखलं हसून ती बाजूला होणार, एवढ्यात तिची नजर त्या हसणाऱ्या तोंडात अडकली.

"मास्तर, जरा परत लावा."

"आईला अजून हौस आहे बघा!" मास्तरांनी परत लावलं.

ठकीच्या वरच्या हिरडीत एक दात होता. उजवीकडचा. तांदळाच्या कणीएवढा.

तिने कमरेवरच्या ठकीकडे पाहिलं. तोच दात. पण तो आला होता गेल्या गुरुवारी. रात्रभर पोर रडली होती, आणि सकाळी तिने इंजेक्शनांच्या कार्डाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'वरचा दात, उजवा'. आणि ही क्लिप होती चार महिन्यांपूर्वीची. तेव्हा ठकीला खाली दोन दात होते. वर नुसती गुलाबी हिरडी.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"काही नाही."

मास्तरांनी कपाटातून कापडाचा एक तुकडा काढून गाठोड्यावर ठेवला. हिरव्यावर बारीक पांढरे ठिपके. "हा उरलाय. तुमच्यापुरतं लांब बाहीचं काहीतरी शिवा. नेहमी लोकांच्याच गुंड्या लावत बसता."

घरी येऊन तिने तो तुकडा ट्रंकेत ठेवला आणि ठकीच्या तोंडात बोट घालून दात परत चाचपून पाहिला. ठकीने बोटाला चावून घेतलं.

ती क्लिप कशी झाली, ते सांगायला हवं. चार महिन्यांपूर्वी दुपारच्या वेळी टीव्हीवर एका उमेदवाराचं भाषण चालू होतं. निवडणूक जवळ आली होती. उमेदवार छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी शब्द देतो," आणि टाळ्यांसाठी थांबला. त्या शांततेत ठकी हसली. अशी हसली की सासूबाईंच्या हातातलं निवडणं सांडलं. उमेदवार पुन्हा म्हणाला, "मी शब्द देतो," आणि ठकी पुन्हा हसली. आईने पळत जाऊन फोन आणला आणि तिसऱ्या वेळचं टिपलं.

संध्याकाळी तिचा धाकटा दीर घरी आला. तो एका माडीवरच्या खोलीत कामाला होता. तिथे चौघेजण दिवसभर पुढाऱ्यांची भाषणं कापायचे. तासाभराच्या भाषणातून दहा सेकंदांचं अडखळणं, जांभई, चुकलेला आकडा शोधायचा आणि सोडून द्यायचा लोकांत. त्याने ठकीचं हसू पाहिलं आणि तो उठून उभाच राहिला.

"वहिनी, हे सोनं आहे! मला द्या."

तिचा फोन भरलेला होता, म्हणून त्यानेच ते आपल्याकडे घेतलं आणि कामावरच्या सवयीप्रमाणे मूळचं पुसून टाकलं. त्यांच्या खोलीत तसाच नेम होता. हवं तेवढं कापून घ्यायचं आणि मूळ ठेवायचं नाही, उगाच जागा अडते. आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायलाही काही राहत नाही.

राहिली ती अकरा सेकंदं. ठकी गप्प बसते, हसते, हसता हसता उजवीकडे बघते. शेवटी उजवीकडूनच एक हात आत येतो आणि तिच्या हनुवटीवरची लाळ पुसतो. तो हात तिच्या आईचा. वर्षापूर्वी मशीनची सुई तर्जनीतून आरपार गेली होती, तेव्हापासून ते नख मधोमध दुभंगून वाढायचं. जगाने तिचं तेवढंच काय ते पाहिलं होतं, दुभंगलेल्या नखाचं एक बोट.

आठवड्याभरात हसू गावभर झालं, मग गावाबाहेर गेलं. उमेदवाराला लोक 'शब्दवाले' म्हणू लागले. त्यांच्या माणसांनी तेच हसू उचलून चष्मा लावणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराच्या मागे जोडलं. मग ते सगळ्यांच्याच मागे लागलं. मंत्री बोलला की ठकी हसायची, खेळाडू बाद झाला की ठकी हसायची, नवरदेवाचा पाय घसरला तरी ठकीच हसायची. चौकात बोर्डावर तिचा चेहरा लागला. भाजीवाली म्हणायची, "ही तीच ना? हस गं बाई जरा!" आणि ठकी आईच्या खांद्यात तोंड लपवायची.

त्या सोमवारी दीर आला तेव्हा तिने त्याला जेवूही दिलं नाही.

"भाऊजी, तिला दात आलाय."

"मग? वाटा पेढे."

"क्लिपमध्ये आलाय."

त्याने पाहिलं. खांदे उडवले. "कुणीतरी बदललं असेल वहिनी. हल्ली काय वाट्टेल ते करता येतं. मेलेल्यालासुद्धा भाषण करायला लावतात."

"ज्यांना ती कुठल्या घरची हे माहीत नाही, त्यांना कुठला दात कधी आला हे कसं कळलं?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तेव्हाही असेल तो. तुझ्या लक्षात नसेल." नवरा कारखान्यातून आला, त्यानेही पाहिलं आणि तो म्हणाला, "तू फार बघत जाऊ नकोस ते." सगळ्यांची ती आवडती क्लिप होती, पण कुणी ठकीकडे बघतच नव्हतं. सगळे हसू बघत होते.

त्यानंतर ती रोज बघू लागली. दुपारी ठकी झोपली की फोन घेऊन बसायची. पंधरा दिवसांनी तिला ठकीच्या डाव्या भुवईवर एक खूण दिसली. लाल, बोटाच्या पेराएवढी. तिने फोन खाली ठेवून झोपलेल्या ठकीचं कपाळ पाहिलं. स्वच्छ होतं. काही म्हणजे काही नव्हतं.

दात आधी पोरीला आला, मग तिने तो क्लिपमध्ये पाहिला होता. ही खूण मात्र आधी क्लिपमध्ये आली होती.

तिने घर पालथं घातलं. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या, विळी माळ्यावर टाकली, उंबऱ्यावर गोधडी घातली. ट्रंकेचा पत्रा धारदार म्हणून ट्रंक ओढून पलंगाखाली सारली.

"घराचा काय दवाखाना करून टाकलायस?" सासूबाई म्हणाल्या. "पोरं पडतात, तशीच मोठी होतात."

"आई, चार दिवस असू द्या."

तिसऱ्या दिवशी ठकी भिंतीला धरून चालत आली. इतके दिवस तिथे ट्रंक होती. ट्रंकेच्या आड मशीनचं लोखंडी पायडल होतं. आता आड काहीच नव्हतं. ठकी अडखळली ती थेट त्याच्यावर. रक्त फार नाही आलं. डावी भुवई. पेराएवढी खूण.

डॉक्टरीण म्हणाली, "डोळा वाचला, नशीब समजा." आई मान हलवत राहिली. तिच्या मनात एकच फिरत होतं. ट्रंक हलवली कुणी? मीच.

त्या रात्री नवऱ्याने दिराला बोलावून खडसावलं. "काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

दीर खाली मान घालून म्हणाला, "दादा, माझ्याकडचं काढतो. पण ते आता माझ्या हातात कुठे राहिलंय?"

त्याने काढलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या फोनवर ठकी एका कुलगुरूंना हसत होती. भुवईवरची खूण आता पुसट झाली होती, जशी घरच्या ठकीची चार दिवसांनी होणार होती.

मग तिला गळ्यावरची पट्टी दिसली.

ठकीच्या गळ्याभोवती काहीतरी गडद होतं. फोन छोटा, क्लिप हजार हातांतून जाऊन जाऊन विटलेली. व्रण आहे, दोरी आहे की नुसती सावली, काही कळेना. तिने फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, सासूबाईंचा चष्मा लावून पाहिलं. जेवढं मोठं करावं, तेवढे चौकोन फुटायचे. तिचं जेवण सुटलं. ठकी शेजारी खेळत असली, तरी तिचा एक हात पोरीच्या गळ्यावर असायचा. घरातल्या दोऱ्या, नाड्या, पडद्याची सुतळी, सगळं तिने गोळा करून शेजारणीकडे ठेवायला दिलं. पण आता कुठलीही वस्तू हलवताना तिचा हात थांबायचा. काय हलवू आणि काय ठेवू...

अशात दीर एक निरोप घेऊन आला. शब्दवाल्यांची शेवटची सभा होती. त्यांनी ठकीला बोलावलं होतं.

"ज्यांना ती हसली, त्यांनीच?" सासूबाईंनी विचारलं.

"आता ते म्हणतायत, पोर माझ्या शब्दावर खूश होऊन हसली. आमची खोली आता त्यांचंही काम करते." तो जरा ओशाळला. "वहिनी, नाही म्हणालात तरी चालेल. मोठ्या पडद्यावर क्लिप दाखवतील, एवढंच."

"किती मोठा पडदा?"

"दोन मजली घराएवढा असेल."

"येते मी," ती म्हणाली.

सभा संध्याकाळची होती. पडदा दिसावा म्हणून उजेड उतरायची वाट बघत बसले होते. तिला पुढची खुर्ची दिली होती. ठकी मांडीवर, अंगठा तोंडात. मैदानात धूळ, घाम आणि गरम झालेल्या वायरींचा वास भरून राहिला होता. शब्दवाले उभे राहिले. टीव्हीत दिसायचे त्यापेक्षा लहानखुरे आणि थकलेले वाटत होते. ते म्हणाले, "एका निष्पाप लेकरानं माझ्यावर विश्वास टाकला," आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी शब्द देतो."

पडदा उजळला.

ठकी केवढी तरी मोठी होती. एकेक गाल दारासारखा. मैदानातले सगळे हसायला लागले, ठकीच्या आधीच. आई मात्र फक्त गळ्याकडे बघत होती. आणि तिला दिसलं. व्रण नव्हता. दोरी नव्हती. फ्रॉकच्या गळ्याला लावलेली कापडाची पट्टी होती, हिरव्यावर पांढरे ठिपके असलेली.

तिने इतक्या दिवसांचा श्वास सोडला. ट्रंकेतला तुकडा! अजून कापलासुद्धा नव्हता. म्हणजे पुढे कधीतरी ठकीला फ्रॉक होणार होता, ती गुटगुटीत राहणार होती. वर आता चार दात दिसत होते. तिने मांडीवरच्या पोरीचा पापा घेतला.

तेवढ्यात पडद्यावर हात आला.

उजवीकडून, नेहमीसारखा. खाटेएवढा मोठा. लांब हिरवी बाही, तिच्यावर पांढरे ठिपके. मनगटाशी गुंडी. तर्जनी पुढे झाली. नख गुलाबी होतं, गोल कापलेलं, अखंड.

बोटाने हनुवटी पुसली. मग जरा वाकून मानेची वळीसुद्धा पुसली, जिथे लाळ साठून आंबट वास धरतो. ते बाहेरच्या कुणाला ठाऊक नसतं.

पडदा काळा झाला. टाळ्या पडत राहिल्या.

घरी येताना तिने दिराला विचारलं, "भाऊजी, शेवटचा हात पाहिलात?"

"कुठला हात?"

"लाळ पुसणारा."

"वहिनी, हात कोण बघतं?"

त्या दिवसापासून मात्र तिची नजर आधी बायकांच्या हातांवर जायला लागली. सासूबाईंचे हात गाठी आलेले. शेजारणीचे जाडसर. डॉक्टरणीची बोटं लांब, पण तर्जनीवर तीळ. दवाखान्याच्या बाकावर, दुकानाच्या रांगेत, कुणी पोरीच्या गालाला हात लावला की ती नख बघायची. तो हात कुठेच नव्हता. स्वतःचं दुभंगलेलं नखही ती उजेडात धरून बघायची. ते जुळत येत नव्हतं. डॉक्टरीण तेव्हाच म्हणाली होती, हे आता असंच राहणार.

तो तुकडा मास्तरांना परत द्यावा असं एकदा तिच्या मनात आलं. पण परत दिला, तर दुसरं कुणी तरी तो शिवणार. म्हणून तिने तो ट्रंकेच्या तळाशी घातला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. रोज दुपारी ती उघडून बघायची. घडी तशीच असायची.

एके दिवशी नवरा जेवताना ती म्हणाली, "अहो, ठकीला पुसताना मानेची वळी विसरायची नाही. नाहीतर पुरळ येतं."

"तू आहेस की."

"तरी सांगून ठेवते."

त्याचा घास हातातच राहिला. "असं अभद्र बोलू नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि त्याला अजून एक पोळी वाढली.

भीती होतीच, पण आता तिची जागा बदलली होती. पोरीला काही होणार नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्री कुशीवर वळताना तिला वाटायचं, कोण का असेना, हलक्या हाताने पुसते. आणि लगेच तिच्या अंगावर काटा यायचा.

निवडणूक झाली. एक जिंकले, एक हरले. महिन्याभरात लोकांना नवं काहीतरी मिळालं, खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेलेला एक अध्यक्ष. सगळीकडे तोच घसरू लागला. ठकीचा बोर्ड उतरला. मास्तरांच्या फोनवर शोधलं, दिराच्या फोनवर शोधलं, क्लिप कुठेच सापडेना. दिराकडे एक उरली होती, पण ती उघडायचीच नाही, काळा चौकोन दिसायचा फक्त. "बरं झालं, सुटलो," दीर म्हणाला. ती हो म्हणाली. पण आता पुढचं काही दिसण्याची सोय राहिली नव्हती.

काल दुपारची गोष्ट. सासूबाई आत पडल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने नेहमीप्रमाणे ट्रंक उघडून पाहिली. घडी जशीच्या तशी, काठावर कात्रीचा दातही लागलेला नाही. कुलूप लावून ती मशीनपाशी बसली. ठकी चटईवर गुंड्यांच्या रिकाम्या डब्याशी खेळत होती. मग ठकी थांबली. गप्प झाली. आणि हसायला लागली.

कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. पोट धरून, डोळे मिटून. टीव्ही बंद होता. आईलाही हसू आलं. ठकीच्या ओठांतून लाळेची तार लोंबली, हनुवटीवर चमकली. ती फडकं शोधायला वळली, मशीनवरून उचललं आणि परत फिरली. बस, तेवढाच वेळ.

ठकीने हनुवटी वर केली होती. पुसून घेताना करायची तशी, डोळे अर्धे मिटून, शहाण्यासारखी. पण आईकडे नाही. आई डावीकडे होती. ठकीने तोंड उजवीकडे, दाराकडे केलं होतं. दाराला आतून कडी होती.

"ठके... इकडे बघ बाळा."

ती गुडघ्यांवर बसली आणि फडकं पुढे केलं. हनुवटी कोरडी होती. तिने बोटाने मानेची वळी उघडली. तीही कोरडी, स्वच्छ. आंबट वाससुद्धा नाही.

वळीच्या आत, नव्या कापडाचा सुटतो तसा, हिरव्या धाग्याचा एक तंतू चिकटला होता.